जहाजाचा कंटेनर विमानात का जात नाही?

हायवेवर ट्रेलरवर दिसतो तो कंटेनर थेट विमानात का टाकत नाहीत?

बोइंग ७४७ आखताना हा विचार झाला होता बरं का! पुढे प्रवासी सुपरसॉनिक विमानांकडे वळतील, मग जम्बो माल वाहील, असा हिशेब. म्हणून ८ फुटी दोन कंटेनर शेजारी-शेजारी मावतील एवढी रुंदी ठेवली. नाक उघडून माल आत ढकलता यावा म्हणून कॉकपिट वर नेलं. जम्बोचं ते कुबड त्यातलंच.

गोची वजनात आहे. २० फुटी पोलादी कंटेनर रिकामाच २ टनांहून जड, भरला की २४ टन सहज. ७४७-४०० फ्रेटर उचलतं साधारण ११० टन. म्हणजे चार डब्यांत विमान जवळपास फुल्ल, आणि त्यातले ८ टन नुसतं लोखंड! त्याचंही इंधन जळतंच की. म्हणून विमानात ॲल्युमिनियमचे डबे. पोटातला छोटा एलडी-३ रिकामा १०० किलोच्या आतबाहेर भरतो.