आधी स्थगिती दाखवा

सकाळी ६.३०, सातारा. पहिला फोन वाईच्या एका निवृत्त गुरुजींचा. फंडाचे पैसे एका पतसंस्थेत अडकलेत. "ताई, संस्थेचं पत्र आलंय. ठेवीदारांचा कायदाच घटनाबाह्य आहे म्हणून ते हायकोर्टात गेलेत. मग आपली केस संपली का?"

"सोबत स्थगितीचा आदेश जोडलाय?"

कागद उलटल्याचा आवाज. "नाही."

मग काहीही संपलेलं नाही. नुसत्या आव्हानाने कायदा थांबत नाही. न्यायालय स्थगिती देईल किंवा कायदा रद्द करील तेव्हाच तो थांबतो. तोवर तो वैध धरूनच चालायचं, आणि संस्थेचं देणंही चालूच.

८.०० सांगलीची एसटी. कराड ते पेठ नाका हा माझा वाचनाचा पट्टा. गुरुजींना सकाळी सांगितला नाही तो भाग इथे वाचते. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा आपला १९९९ चा राज्य कायदा, ज्याला कोर्टात सगळे एमपीआयडी म्हणतात, तो २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने खरोखरच रद्द ठरवला होता. तमिळनाडूचा तसाच कायदा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०११ मध्ये वैध ठरवला, मुंबईचं मत पटत नाही असंही सांगितलं, आणि २०१२ मध्ये आपला कायदाही वैध ठरला. पुढे २०१९ मध्ये नॅशनल स्पॉट एक्स्चेंज (एनएसईएल) प्रकरणातल्या याच कायद्याखालच्या जप्त्या उच्च न्यायालयाने रद्द केल्या. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायदा टिकला, हे खरं. पण २००५ ला साठीत असलेल्या ठेवीदाराला २०१२ चा निकाल कितीसा उपयोगी पडला असेल? घटनेचा प्रश्न विचारायचा हक्क संस्थेला आहेच. त्या प्रश्नाचं भाडं ठेवीदाराने का भरायचं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

११.०० सांगली, जिल्हा ग्राहक आयोग. एमपीआयडीत पोलीस, प्रांत, जप्ती, विशेष न्यायालय असा लवाजमा असतो. इथे मुद्दा साधा: सेवेत त्रुटी झाली का, आणि पैसे व्याजासह परत कधी? समोरून ठरलेला आक्षेप येतो की सहकार कायदा असताना आयोगाला अधिकारच नाही. याचं उत्तर सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच थिरुमुरुगन सहकारी संस्थेच्या प्रकरणात दिलं: ग्राहक कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे. दुसरा आक्षेप मात्र बोचतो. सहकार कायद्याच्या कलम ८८ खाली जबाबदारी निश्चित झाल्याशिवाय संचालकांना व्यक्तिशः धरता येत नाही, असा औरंगाबाद खंडपीठाचा २०१० चा निकाल आहे. संस्थेची तिजोरी रिकामी आणि संचालकांचे बंगले शाबूत, अशा वेळी नेमका तोच आडवा येतो.

पुढची तारीख मिळाली.

२.०० वाळवा तालुक्यातले दोन शेतकरी भेटायला आले. २०१९ मध्ये गाजलेल्या कडकनाथ कोंबडीपालनात पैसे घालून बसलेले. एक म्हणाला, "कोंबड्या मेल्या, कागद तेवढं जित्तं हायती." त्यांचे कागद लावण्यातच तास गेला. पावती, करारपत्र, बँकेचा उतारा. वकिलीतला सगळ्यात कंटाळवाणा तास, पण पुढचा निकाल यावरच उभा राहतो.

४.३० गुरुजींसाठी हस्तक्षेप अर्जाचा मसुदा. याचिका संस्था विरुद्ध शासन अशी असते. ज्याचे पैसे अडकले तो त्यात पक्षकारच नसतो. पूर्वी यासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतं, त्यात सातारा-सांगलीही येतात. वाईचा माणूस सकाळी निघून रात्री घरी पोचू शकतो.

७.३० परतीची गाडी. तेवढ्यात आणखी एका ठेवीदाराचा निरोप: "कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबावं म्हणतो."

थांबू नका. ग्राहक तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि दुसऱ्याच्या याचिकेमुळे ती आपोआप वाढत नाही. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आयोगाचा आदेश संस्थेने पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान पंचवीस हजार दंड, किंवा दोन्ही. "कायद्याला आव्हान दिलंय" असं पत्र आलं, तर उलट टपाली स्थगितीच्या आदेशाची प्रत मागा.