रंगाआधी रेषा

पालघर जिल्ह्याची 2011 सालची लोकसंख्या काढायला जनगणनेच्या तक्त्यांत शिरलं, तर यादीत पालघर जिल्हा सापडतच नाही. महाराष्ट्राचा संकेतांक 27, ठाण्याचा 517, आणि तलासरी, डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, वाडा, पालघर, वसई हे आठही तालुके त्या ठाण्याच्या पोटात. जिल्हा वेगळा झाला तो 1 ऑगस्ट 2014 ला. त्यामुळे आजच्या जिल्ह्याचा आकडा आठ तालुक्यांची बेरीज करूनच मिळतो: 29,90,116.

पूर्वी अशी बेरीज जिल्हा जनगणना पुस्तिका पुढ्यात घेऊन कागदावर व्हायची. आता ती स्क्रीनवरच्या नकाशात होते. इस्रोने 2009 मध्ये ‘भुवन’ सुरू केलं, तेव्हापासून उपग्रहाच्या चित्रावर सरकारी माहितीचे थर चढवून बघता येतात. ‘क्यूजीआयएस’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर साध्या लॅपटॉपवरही चालतं. ‘डेव्हलपमेंट डेटा लॅब’ या गटाने ‘श्रग’ नावाचा साठा तयार केला आहे. त्यात 1991, 2001 आणि 2011 च्या जनगणना गाव आणि शहर पातळीवर एकमेकींना जोडल्या आहेत, आणि तो नकाशावर बोट ठेवून चाळता येतो. डहाणू तालुक्यात चिंचणीला राहणाऱ्या अकरावीच्या मुलाला आपल्या गावाची साक्षरता शेजारच्या गावाशी ताडून बघायची असेल, तर त्याला आता कुणाकडे अर्ज करावा लागत नाही.

आतली यंत्रणा साधी आहे. एका फायलीत आकार असतात, म्हणजे गावाच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या हद्दी. दुसऱ्या फायलीत तक्ता: माणसं, घरं, साक्षर, कामकरी. दोन्ही जुळतात त्या संकेतांकावर, नावावर नाही. नावावर जुळवणं धोक्याचं, कारण चिंचणी एक नाही. सांगली जिल्ह्यात कडेगाव आणि तासगाव या दोन्ही तालुक्यांत चिंचणी आहे, पुणे जिल्ह्यात शिरूरकडे आहे. त्यात रोमन स्पेलिंग दर तक्त्यात वेगळं. संकेतांकाला मात्र असली नातीगोती नसतात. त्याची खोड वेगळीच. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तालुक्यांचे पाच आकडी संकेतांक शून्याने सुरू होतात. तक्ता एक्सेलमध्ये उघडला की एक्सेल त्याला साधी संख्या समजतं आणि पुढचं शून्य गिळून टाकतं. मग नकाशाच्या फायलीत पाच आकडे, तक्त्यात चार; जुळणी होत नाही आणि अख्खा डहाणू तालुका कोरा दिसतो. तो स्तंभ आधी ‘मजकूर’ म्हणून वाचायला सांगितला की तालुका पुन्हा रंगतो. नवशिक्यांची निम्मी संध्याकाळ या शून्यापायी जाते.

हे जमलं तरी डहाणूच्या किनाऱ्यावर एक पांढरा ठिपका उरू शकतो, आणि तो नेमका चिंचणीचा. नकाशात फक्त गावांचा थर घेतला की चिंचणी गायब होते, कारण जनगणनेच्या लेखी ते गाव नाही, शहर आहे. कारभार ग्रामपंचायतीचा, मोजणी शहरात. अशा वस्तीला ‘जनगणना नगर’ म्हणतात. कसोट्या तीन: वस्ती किमान 5,000, घनता दर चौरस किलोमीटरला किमान 400, आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के बिगरशेती कामात. शेजारचं बोईसरही 2011 मध्ये याच खात्यात होतं. कसोटीत फक्त पुरुष धरले आहेत हे नीट बघावं. ज्या किनाऱ्यावर मासळी निवडणं, सुकवणं, पाटी घेऊन बाजार गाठणं हे बायांच्या हातात आहे, तिथे शहर ठरवताना बायांचं काम विचारलंच जात नाही. मला या तीन कसोट्यांतली सगळ्यात विचित्र वाटते ती हीच.

शहर की गाव, हा प्रश्न नुसता पाटीचा राहत नाही, तो तक्त्यात आतपर्यंत झिरपतो. चिंचणी, वरोर, वाणगाव या पट्ट्यात डायमेकिंगचा धंदा आहे. डाय म्हणजे दागिन्याचा पोलादी ठसा. पोलादाच्या तुकड्यावर उलटी नक्षी कोरायची. मग सोन्याचांदीचा पातळ पत्रा त्यावर ठेवून दाब दिला की सुलटी नक्षी उठते. बारीक कामाला नजर आणि बसायची सवय लागते, जागा फार लागत नाही. साहजिकच हे घरोघरी चालणारं काम. आता जनगणनेत काम करणाऱ्यांचे चार कप्पे: शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योग, इतर. घरगुती उद्योगाची व्याख्या खेड्यात एक आणि शहरात दुसरी. घरच्या माणसांनी चालवलेलं काम खेड्यात असेल, तर ते गावात कुठेही केलं तरी घरगुती. शहरात मात्र ते राहत्या घराच्या आवारातच हवं. म्हणजे खेड्यात मोजलेल्या शेजारच्या गावातल्या कारागिराने दोन घरं टाकून खोली घेतली तर तो ‘घरगुती उद्योगा’त, आणि चिंचणीत तसंच केलं तर ‘इतर’मध्ये. तीच छिन्नी, तोच ठसा, तोच व्यापारी. त्या ‘इतर’मध्ये मग त्याच्या सोबतीला बोटीवरचा मांगेला मच्छीमार, कॉलेजातले प्राध्यापक आणि तारापूरच्या अणुवीज केंद्रातला फिटर, सगळे एकाच रंगात. नकाशावर चिंचणी ‘इतर’च्या गडद रंगात दिसली म्हणून तिथे कारखानदारी आहे असं कुणी लिहिलं, तर त्याने व्याख्या वाचलेली नाही एवढंच समजायचं.

रंगांचीही गोष्ट अशीच. शाळेच्या भूगोलात वितरणाचे नकाशे शिकवतात, त्यात क्षेत्रघनी पद्धत असते: घनता जास्त तिथे गडद छटा, कमी तिथे फिकी. ऑनलाइन नकाशा हेच करतो, फक्त छटांचे गट कसे पाडायचे हे तो स्वतःच ठरवून मोकळा होतो. आपल्या आठ तालुक्यांची लोकसंख्या घेऊन बघा. वसई 13,43,402, पालघर 5,50,166, डहाणू 4,02,095, वाडा 1,78,370, तलासरी 1,54,818, जव्हार 1,40,187, विक्रमगड 1,37,625, मोखाडा 83,453. पाच समान अंतरांचे गट पाडले तर खालच्या गटात पाच तालुके एकाच फिक्या रंगात, दुसऱ्यात डहाणू आणि पालघर, मधले दोन रंग कुणाच्याच वाट्याला नाहीत, आणि माथ्यावर एकटी वसई. जिल्हा म्हणजे वसई आणि बाकीचे, असं चित्र. आता गट चारच करा आणि प्रत्येकात सारखे तालुके बसवा. वसई आणि पालघर एका रंगात येतात, जरी वसईची वस्ती पालघरच्या जवळपास अडीचपट आहे. जव्हार आणि विक्रमगड मात्र वेगळ्या रंगात जातात, आणि त्यांच्यातला फरक आहे 2,562 माणसांचा. आकडा एकही बदललेला नाही. नकाशाच्या कोपऱ्यातली सूची वाचायच्या आधी रंगांबद्दल मत बनवू नये. दिवाणखान्यातल्या वादांत हे कुणी पाळत नाही ते सोडा, वर्तमानपत्रांतल्या नकाशांखालीही सूची अनेकदा नसते.

गट पाडण्याहून मोठा खेळ हद्दीचा. अविभाजित ठाणे जिल्ह्याची वस्ती 2011 मध्ये 1,10,60,148 होती, देशातल्या कुठल्याही जिल्ह्यापेक्षा जास्त. ठाणे, कल्याण, नवी मुंबई सगळं त्यात. त्यामुळे अनुसूचित जमातींचं प्रमाण जिल्हा पातळीवर 14 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे देशाच्या नकाशात फिकट छटा. तीच माणसं पालघरच्या आठ तालुक्यांत मोजली की प्रमाण 37 टक्क्यांवर जातं. डहाणू तालुका एकटा घेतला तर जवळपास 70, आणि तलासरीत दर दहा माणसांत नऊ आदिवासी. वारली, कोकणा, दुबळा, धोडी, कातकरी तिथेच होते. रेषा ठाण्याहून ओढली तेव्हा ते दिसत नव्हते.

आणखी खाली, गावाच्या पातळीवर गेलं की वेगळा पेच येतो. डहाणू-तलासरीकडचं महसुली गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. ते पाड्यांनी बनतं. एक पाडा ओढ्याकाठी, दुसरा टेकडीपलीकडे, मधे वन खात्याची जमीन. जनगणना गावाचा एकच आकडा देते, आणि नकाशा तो आकडा जंगलासकट सगळ्या हद्दीवर एकसारखा फासतो. भाकरीला तूप लावावं तसा. यावर उतारा म्हणजे उपग्रहचित्राचा थर खाली घालून रंग थोडा पारदर्शक करायचा. कौलं आणि पत्रे दिसायला लागले की कळतं, माणसं गावाच्या कुठल्या कोपऱ्यात आहेत आणि कुठे नुसतीच झाडी आहे. नोव्हेंबर 2018 पासून याच भागातल्या धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसायला लागले, तंबू उभारायची वेळ आली. अशा वेळी गावाची एकूण संख्या पुरत नाही, पाड्यागणिक घरं लागतात, आणि हाताशी असलेली मोजणी तेव्हाही सात वर्षं जुनी होती.

चिंचणीच्या दक्षिणेला खाडी आहे, खाडीपल्याड तारापूर. चिंचणी डहाणू तालुक्यात, तारापूर पालघर तालुक्यात. इथली शिक्षणसंस्था आहे ‘चिंचणी तारापूर एज्युकेशन सोसायटी’; नावातच खाडी ओलांडलेली. बाजार, शाळा, सोयरिकी दोन्ही काठांवर मिसळलेल्या, पण तालुकावार नकाशात मधे रेषा येते आणि दोन्ही काठांना दोन वेगळ्या सरासऱ्या चिकटतात. उत्तरेकडची रेषा तर राज्याची. 1960 साली महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्यातली कितीतरी गावं गुजरातेत गेली, संजाणही तिकडेच. म्हणून 1951 चा ठाणे जिल्हा आणि 1961 चा ठाणे जिल्हा शेजारी ठेवून वाढ काढायची झाली, तर आधी गेलेली गावं वजा करावी लागतात.

गंमत अशी की चिंचणीचा सगळ्यात गाजलेला जुना दस्तऐवजही जमिनीच्या हिशेबाचाच आहे. इथे सापडलेल्या ताम्रपटांपैकी एक शके 848 चा, म्हणजे इसवी सन 926 चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला. संजाणचा कारभार तेव्हा एका ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे होता, आणि तिथल्या मठिकेला दिलेल्या जमिनीची नोंद त्यात आहे. चिंचणीत सापडलेला पत्रा संजाणचा हिशेब सांगतो, आणि आज या दोघांमधून राज्याची सीमा जाते.

ऑनलाइन नकाशाचा खरा पूर्वज मात्र ताम्रपट नव्हे, प्रगणकाचा नजरी नकाशा. मोजणीआधी शिक्षक किंवा तलाठी आपल्या वाट्याचा गट पायी फिरून कागदावर काढायचा: रस्ता, विहीर, देऊळ, पक्क्या घराला चौकोन, कच्च्याला त्रिकोण, राहतं नसेल तर आत तिरप्या रेघा, आणि घरांना ओळीने क्रमांक. साधारण सहाशे ते आठशे माणसांचा हा गट. पाड्यांची खरी मांडणी दिसायची ती इथेच. पुढे गावाच्या बेरजेत ती विरघळून जायची.

आता पुढची मोजणी. 2021 ची कोविडमुळे राहिली. नवी अधिसूचना 16 जून 2025 ला निघाली, प्रशासकीय हद्दी 31 डिसेंबर 2025 ला गोठवायचं ठरलं, घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर 2026 हा काळ, माणसांची मोजणी फेब्रुवारी 2027 मध्ये, आणि संदर्भाचा क्षण 1 मार्च 2027 च्या आधीची मध्यरात्र. प्रगणकांच्या हातात कागदाऐवजी मोबाइल. याच किनाऱ्यावर होणाऱ्या वाढवण बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 ला झाली आहे, खर्चाचा अंदाज सुमारे 76 हजार कोटींचा. तेव्हा चिंचणी-वरोरच्या किनाऱ्यावरची ही बहुधा बंदराआधीची शेवटची मोजणी, आणि पुढच्या सगळ्या तुलना हिच्याशी होणार.

त्यात एक भोक आधीच दिसतं आहे. माणूस मोजला जातो तो मोजणीच्या काळात जिथे राहतो तिथे. 2011 मध्ये हा काळ होता 9 ते 28 फेब्रुवारी, आणि धुळवड होती 20 मार्चला. वीटभट्टीवर, बांधकामावर, बोटींवर गेलेली तलासरी-डहाणूकडची कुटुंबं होळीला परततात. पूर्ण मोजणीभर जे बाहेर होते ते वसईच्या नाहीतर गुजरातच्या आकड्यात गेले असणार, आपल्या पाड्याच्या नव्हे. 2027 ची होळीही 22 मार्चच्या आसपास येते. मात्र घरयादी त्याआधीच्या वर्षात एप्रिल ते सप्टेंबरमधली, आणि ती पावसाळ्यात आली तर बरीच कुटुंबं भातलावणीसाठी घरी असतात. दोन्ही तक्ते हाती आले की एकाच गावावर दोन थर चढवून बघावेत: घरयादीत नोंदलेली राहती घरं आणि फेब्रुवारीत मोजलेली कुटुंबं. जिथे पहिला आकडा दुसऱ्याहून बराच मोठा निघेल, तिथे चौकशीला जावं ते शिमग्यात.