टिपेश्वरचा वाघ आणि मुलांचा खेळ

जून २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण नर वाघ स्वतःच्या हद्दीच्या शोधात निघाला. अभयारण्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर. ते त्यास अपुरे पडले. शेते, ओढे व रस्ते ओलांडीत, तेलंगणातील आदिलाबादमार्गे सुमारे १३०० किलोमीटर चालून तो डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. गळ्यातील रेडिओ कॉलरमुळे ही वाट नोंदली गेली.

बार्सिलोनाच्या हेरोबीट स्टुडिओने २०२२ मध्ये ‘एंडलिंग’ हा व्हिडिओ गेम आणला. त्यात खेळणारा शिकारी नसून पिल्ले जगविणारी कोल्हीण असतो. भोवतालचे रान मात्र आक्रसत जाते. आपल्या वाघाची वाट म्हणजे अशा खेळाचा तयार नकाशाच होय. गुण मिळावेत ते कोणास इजा न करता, रात्री वाट कापून पुढे सरकण्याबद्दल.

खेळात गावही असावे. पांढरकवडा परिसरात अनेक गावकरी प्राणांस मुकले आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये अवनी वाघीण मारली गेली. जंगल तुटले की दोन्ही बाजू हरतात.

मुंगीवर पाय पडू नये, हे आपण मुलांना शिकवितो. ज्याच्या पायाखालची भूमीच सरकते आहे, त्याच्या जागी घटकाभर उभे राहणे हीदेखील जीवदयाच आहे.