आज्ञा नसलेलं व्याकरण

बारावीच्या इंग्रजीत 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' हा प्रश्न म्हणजे हक्काचे गुण. 'चेंज द व्हॉइस', 'रिमूव्ह टू' अशी सरळ आज्ञा असते आणि सराव झालेली मुलं वाक्य भराभर फिरवून देतात. यातलंच कोणी पुढे केंब्रिजच्या 'बी-टू फर्स्ट' परीक्षेची तयारी करू लागलं, की तशाच वाक्यबदलापाशी अडतं. नियम पाठ असतात, पण इथे कोणता लावायचा हे कोणी सांगत नाही.

पुण्या-मुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना बी-टू परिचयाचं आहे. कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्यांची चौकट प्रसिद्ध केली, त्यातली ही चौथी. केंब्रिजची परीक्षा मात्र त्याहून जुनी. 1939 मध्ये ती 'लोअर सर्टिफिकेट' म्हणून सुरू झाली आणि 1975 मध्ये 'फर्स्ट सर्टिफिकेट' झाली.

तिच्यात व्याकरणाचा वेगळा पेपर नाही. वाचन आणि 'यूज ऑफ इंग्लिश' मिळून 75 मिनिटांत 52 प्रश्न सोडवायचे असतात. पहिल्या तीन भागांत गाळलेल्या जागा असतात: एकात पर्याय दिलेले, दुसऱ्यात काहीच दिलेलं नाही, तिसऱ्यात मूळ शब्दावरून नवा शब्द घडवायचा. माझ्या मते खरा कस लागतो तो चौथ्या भागात. एक वाक्य देतात, एक शब्द देतात आणि तो शब्द जराही न बदलता, त्याच्यासह दोन ते पाच शब्दांत त्याच अर्थाचं दुसरं वाक्य पुरं करायला सांगतात. समजा, वाक्य आहे 'आय स्टार्टेड लर्निंग द सितार फाइव्ह इयर्स अगो' आणि शब्द आहे 'बीन'. नवं वाक्य 'आय' ने सुरू होऊन 'द सितार फॉर फाइव्ह इयर्स' असं संपतं. मधे 'हॅव बीन लर्निंग' हवं. 'प्रेझेंट परफेक्ट कंटिन्युअस' हे नाव प्रश्नात कुठेही नसतं. त्या एका 'बीन'वरून ते ओळखायचं.

मराठी माणसाला इथे आपली भाषा आड येते, आणि ती नेमकी कुठे येते हे माहीत असलं तर निम्मी तयारी तिथेच होते. आपण 'पाच वर्षं सतार शिकतोय' म्हणतो; वर्तमानकाळात आपलं भागतं, इंग्रजीत भागत नाही. उलट, 'काल पत्र पाठवलंय' हे मराठीत अगदी सहज आहे, म्हणून हातून 'आय हॅव सेंट इट यस्टरडे' लिहिलं जातं. 'यस्टरडे' आलं की साधा भूतकाळच हवा. 'पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं' यात 'असता-असतं' दोन्हीकडे येतं, म्हणून 'वुड हॅव'ही दोन्हीकडे घातलं जातं. 'इफ'च्या बाजूला मात्र 'हॅड' लागतं. आणि 'तो म्हणाला, मी उद्या येईन' हे आपण त्याच्याच शब्दांत सांगतो. इंग्रजीत 'की' जोडताच काळ मागे सरकतो, 'मी'चा 'तो' होतो आणि 'उद्या'सुद्धा बदलतो. या चुकांना आळस म्हणू नये. त्या मराठीच्या पक्क्या, सुंदर सवयी आहेत.

अभ्यासाला रेमंड मर्फी यांचं 1985 पासूनचं 'इंग्लिश ग्रामर इन यूज' आजही उत्तम आहे: डाव्या पानावर समजावणी, उजव्यावर सराव. मात्र ते पहिल्या पानापासून ओळीने सोडवत नेण्यात एक खोट आहे. धड्याचं शीर्षकच नियमाचं नाव सांगून टाकतं, म्हणजे पुन्हा आज्ञा मिळाली! म्हणून चार-पाच धडे झाले की त्यांतली वाक्यं सरमिसळ करावीत, आठवड्याने कोरी सोडवावीत आणि प्रत्येक चुकीशेजारी तिथे मनात आलेलं मराठी वाक्य लिहावं. महिनाभरात त्या वहीत तीच ती चार-पाच वाक्यं पुन्हा पुन्हा भेटू लागतात. पुढचा अभ्यास त्यांचाच करायचा.

बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकाही टाकून देऊ नयेत. सूचनेवर कागद ठेवून ती झाकायची, उत्तरातला एकच शब्द शेजारी लिहायचा आणि वही मित्राकडे सरकवायची. चौथ्या भागाचा सराव घरबसल्या, फुकटात होतो.