चालतंय ना, मग हात कशाला लावायचा?

मी सेकंड इयरला असताना आपल्या होस्टेलची वेबसाइट सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पासवर्ड देताना सीनियर म्हणाला, "चालतंय ना, मग हात लावू नकोस." मीही लावला नाही. साइट ड्रुपल ७ वर होती. मेसची बिलं, खोल्यांची यादी, सगळ्यांचे मोबाइल नंबर त्यातच. मग ५ जानेवारी २०२५ ला ड्रुपल ७ ची मुदत संपली आणि माझी झोप उडाली.

आता तुम्ही विचाराल, हे ड्रुपल काय प्रकरण आहे? वेबसाइटवरचा मजकूर सांभाळणारं हे सॉफ्टवेअर. कोड न लिहिता, फॉर्म भरावा तशी नोटीस लावता येते. गंमत म्हणजे याचा जन्मही होस्टेलमधलाच! २००० साली बेल्जियममध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या ड्राइस बायटार्टने होस्टेलच्या मित्रांसाठी एक छोटी साइट बनवली. २००१ मध्ये त्याने तिचा कोड सगळ्यांसाठी खुला केला, तेच ड्रुपल.

नव्या आवृत्तीच्या आकड्यांना बिचकू नका. समजा ११.१.२ आहे. शेवटचा आकडा बदलला म्हणजे तुटलेली कडी दुरुस्त केली. मधला बदलला म्हणजे नवा गीझर बसवला. पहिला बदलला म्हणजे मात्र सामान उचलून नव्या इमारतीत जायचं! ७ वरून ८ वर जाताना तर पायाच बदलला होता, त्यामुळे जुनी मॉड्यूल्स तिथे चालत नाहीत.

पण खरा मुद्दा कडीचा आहे. कोड खुला असल्यामुळे दुरुस्तीही सगळ्यांना दिसते. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की भोक कुठे होतं ते चोरालाही कळतं. म्हणजे ज्याने अपडेट केलं तो वाचला, न करणाऱ्याच्या घराचा पत्ता जाहीर झाला!

अतिशयोक्ती वाटते? १५ ऑक्टोबर २०१४ ला ड्रुपल ७.३२ आली. डेटाबेसमध्ये थेट घुसता येईल असं भोक तिने बुजवलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा टीमने सांगितलं, की सात तासांच्या आत अपडेट न केलेली प्रत्येक साइट फुटली असंच समजा. सात तास! म्हणजे आपण जेवून झोपायचं आणि पहाटे साडेचारला खेळ खलास.

मी दिवाळीच्या सुट्टीत साइट ड्रुपल ११ वर नेली. पहिल्या दिवशी पांढऱ्या स्क्रीनशिवाय काहीच दिसेना. पण आधी पूर्ण बॅकअप घेतला होता आणि प्रयोग लॅबमधल्या पीसीवर चालला होता, म्हणून निभावलं. मजकूर आला, साइटचं रूप मात्र नव्याने करावं लागलं. रेक्टर सरांनी विचारलं, "काय बदललंय यात?" वरवर पाहिलं तर काहीच नाही, हे मलाही मान्य करावं लागलं.

पुढच्या वर्षी हे काम तुमच्यापैकी कुणाकडे तरी जाईल. पासवर्ड देताना मी एवढंच सांगणार आहे : चालतंय म्हणूनच हात लाव, पण आधी बॅकअप घे!