रेल्वे न आलेल्या गावचे हॉटेल

मूलभूत हक्कांमध्ये हॉटेलाचा उल्लेख कशासाठी, असा प्रश्न माझ्या वर्गात अधूनमधून निघतो. संविधानाच्या १५ व्या कलमात विहिरी आणि तलावांबरोबर दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले आलेली आहेत. ज्याला कोणी कधी दारातून हाकलले नाही, त्याला हा तपशील क्षुल्लक वाटणारच. १९१७ साली बडोद्यास नोकरीसाठी गेलेल्या बाबासाहेबांना पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथूनही बाहेर काढले. तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. शिक्षणाने सगळी दारे आपोआप उघडतात असे कोणी म्हणाले, की मला बडोदे आठवते.

म्हणूनच अमेरिकेतील एका लहानशा हॉटेलाची हकीकत आपण समजून घ्यावी असे मला वाटते. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. पण मुक्त झालेल्या माणसाला जमीन कोण देणार, हा प्रश्न तेथे शिल्लकच होता. १८७७ साली केंटकी राज्यातले काळे लोक कॅन्ससच्या ओसाड माळावर आले आणि त्यांनी निकोडेमस हे गाव वसवले. घरे बांधायला लाकूड नव्हते. जमीन खणून केलेल्या खोपटांत त्यांनी पहिला हिवाळा काढला. काही कुटुंबे ते दृश्य पाहूनच परत फिरली.

जे राहिले त्यांत झॅकरी फ्लेचर आणि त्यांची पत्नी जेनी हे होते. जेनी गावची पहिली शिक्षिका. फ्लेचर यांनी १८८० च्या सुमारास ‘सेंट फ्रान्सिस हॉटेल’ सुरू केले. प्रवाशाचा मुक्काम, घोड्यांचा तबेला, पोस्ट, शाळा असे गावाचे अनेक व्यवहार या कुटुंबाच्या हातून चालले. काल ज्याची स्वतःच्या देहावरही मालकी नव्हती, तो आज परक्याला आसरा देणारा यजमान झाला. ही केवळ धंद्याची गोष्ट नव्हे.

पुढे गावात दुकाने, चर्चे, बँक आणि दोन वृत्तपत्रे आली. उणीव होती ती रेल्वेची. मार्च १८८७ मध्ये मतदारांनी मिसुरी पॅसिफिक कंपनीला आणण्यासाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. पैशांच्या अटींवर बोलणे फिसकटले. १८८८ साली युनियन पॅसिफिकचे रूळ आले, पण ते सॉलोमन नदीच्या पलीकडून. व्यापारी आपली दुकाने उचलून रुळांकडे, बोग या नव्या गावी गेले.

यामागे केवळ वर्णद्वेष होता असे म्हणणे सोपे आहे, पण पुरेसे नाही. रेल्वेने डावललेली गोऱ्यांची गावेही त्या मुलखात ओस पडली. फरक होता तो पुढच्या वाटेत. गोऱ्या माणसाला कोणत्याही गावच्या हॉटेलात खोली मिळत होती. काळ्या प्रवाशाला कोठे उतरता येईल हे सांगणारी ‘ग्रीन बुक’ ही पुस्तिका १९३६ पासून छापावी लागली आणि हॉटेलबंदी कायद्याने उठायला १९६४ साल उजाडले.

यातून आपण काय घ्यायचे? स्वतःची वसतिगृहे, स्वतःच्या संस्था उभारणे ही मुक्तीची पहिली पायरी आहे, यात शंका नाही. पण रस्ता कोठून न्यायचा, भांडवल कोठे ओतायचे, हे ठरवणारी सत्ता दुसऱ्याच्या हाती असेल, तर आपण कष्टाने बांधलेले घर एका नकाशाने आडबाजूला पडते. आज आपल्या वस्त्यांजवळ रस्ता, बाजार, कारखाना कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे कार्यकर्त्यांनी याच नजरेने तपासले पाहिजे.

निकोडेमस मात्र पुसले गेले नाही. पोस्ट १९५३ साली बंद झाले, तरी मुक्तिदिनासाठी वंशज दर जुलैत गावी जमत राहिले. १९९६ साली ते राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरले. जतन झालेल्या तेथील पाच इमारतींत सेंट फ्रान्सिस हॉटेल एक आहे. रेल्वे आली नाही, तरी माणसे येत राहिली.