धर्मशिक्षणवर्गातील मूल्यमापन : ‘रूब्रिक’ची उपयुक्तता व मर्यादा

धर्मगुरूंना ‘रूब्रिक’ हा शब्द परका नाही. मिस्साग्रंथात प्रार्थना काळ्या शाईत व विधीविषयक सूचना तांबड्या शाईत छापलेल्या असतात. त्या सूचनांनाच आपण रूब्रिक म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गेरू, तांबडी माती. आधुनिक शिक्षणशास्त्राने हा शब्द निराळ्या अर्थाने स्वीकारला आहे. विद्यार्थ्याच्या कामात काय पाहावयाचे आणि गुणवत्तेच्या चढत्या पायऱ्या कोणत्या, हे ज्यात आधीच लिहून ठेवलेले असते तो तक्ता म्हणजे रूब्रिक.

याची गरज आम्हांला एका चुकीतून कळली. सीमाभागातील एका धर्मशिक्षणवर्गात चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर आम्ही उत्तरे लिहून घेतली होती. घरी कोंकणी बोलणाऱ्या एका मुलीला आम्ही 10 पैकी 4 गुण दिले. तेच उत्तर आमच्या सहकारी धर्मशिक्षिकेने वाचून 8 दिले. आम्ही मराठीच्या चुका मोजल्या होत्या, त्यांनी दाखल्याचे आकलन पाहिले होते. “फादर, माझं कुठं चुकलं?” असे त्या मुलीने विचारले, तेव्हा आमच्यापाशी उत्तर नव्हते.

हा दोष केवळ आमचा नव्हे. अमेरिकेत 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 300 निबंध 53 परीक्षकांकडे देण्यात आले व स्वतःच्या समजुतीप्रमाणे त्यांना 9 श्रेणींत बसविण्यास सांगण्यात आले. 94 टक्के निबंधांना किमान 7 वेगवेगळ्या श्रेणी मिळाल्या! कोणी विचारांना महत्त्व दिले होते, कोणी मांडणीला, कोणी शुद्धलेखनाला. परीक्षक प्रामाणिक होते. मात्र प्रत्येकाचे माप निराळे होते.

रूब्रिक तयार करताना प्रथम पाठाचा हेतू ठरवावा. त्यानंतर तीन किंवा चारच निकष निवडावेत. उपरोक्त दाखल्यासाठी घटनाक्रम, अर्थाचे आकलन आणि जीवनाशी संबंध हे तीन पुरेत. मग प्रत्येक निकषाच्या पायऱ्यांचे वर्णन करावे. ‘उत्तम’, ‘बरे’, ‘साधारण’ असे शब्द येथे निरुपयोगी होत. उत्तरात प्रत्यक्ष काय दिसते ते लिहावे. आकलनाचेच उदाहरण घेऊ. शोमरोनी हा यहुद्यांच्या दृष्टीने परका होता आणि ज्याने दया केली तोच जखमी मनुष्याचा शेजारी ठरला, हे ज्याने सांगितले त्यास 4 गुण. शेजारी कोण हे अचूक सांगितले, पण कारण दिले नाही, तर 3. ‘इतरांस मदत करावी’ एवढेच लिहिले, तर 2. केवळ गोष्ट सांगून थांबला, तर 1. भाषाशुद्धी हा पाठाचा हेतू नसेल, तर तिचे गुण कापू नयेत.

तक्ता तयार होताच दोघा शिक्षकांनी चार-पाच उत्तरे स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहावेत. जेथे मोठा फरक पडेल, तेथील शब्दयोजना संदिग्ध आहे असे समजून ती सुधारावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती आधीच द्यावा व एखादे नमुन्याचे उत्तर त्यांच्याकडूनच तपासून घ्यावे. परीक्षेनंतर दाखविलेला निकष निवाडा सांगतो. आधी दिलेला निकष वाट दाखवितो.

तथापि मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. तक्त्यात न बसणारे, परंतु सखोल असे उत्तर कधीकधी समोर येते. तेव्हा शिक्षकाने तक्त्याचा दास होऊ नये, त्यात दुरुस्ती करावी. आणि श्रद्धा, प्रार्थना, पश्चात्ताप यांना पायऱ्या लावण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. गुण उत्तराला द्यावयाचे असतात. अंतःकरण पारखण्याचा अधिकार आपणांस दिलेला नाही.

त्या मुलीचे उत्तर आम्ही पुढे या तक्त्यानुसार पुन्हा तपासले. आकलनात तिला 4 पैकी 4 गुण मिळाले. कोठे काय कमी पडले आणि कोठे काहीच कमी पडले नाही, हे त्या वेळी आम्हांला तिला सांगता आले.